हात किती द्यायचा

दादाच्या डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि त्याला ते कळायचंच नाही. शाळेच्या व्हरांड्यातून तो वर्गापर्यंत पोचायचा आणि मागून एखादं पोर चप्पल हातात घेऊन धावत यायचं, "सर, तुमची चप्पल राहिली." पहिल्यांदा सगळे हसले, दादाही हसला. मग त्याने मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्या आणि विषय मिटला असं आम्हाला वाटलं. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता आणि अकोला जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होता.

पुढच्या वर्षी अंगठा उंबरठ्याला अडकायला लागला. त्याच्या पुढच्या वर्षी दुपार झाली की पाय ओढला जाऊ लागला. एका डॉक्टरांनी मणक्याचा त्रास म्हणून कमरेला पट्टा दिला, दुसऱ्यांनी बी-१२ची इंजेक्शनं लिहून दिली. साखर तपासली, ती बरोबर निघाली. चौथ्या वर्षी नागपूरला एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं, आणि नाव कळलं: प्रायमरी प्रोग्रेसिव्ह मल्टिपल स्क्लेरोसिस. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणारा एमएस.

"चार वर्षं फुकट गेली," असं घरात जो तो म्हणत होता. त्या चार वर्षांचा राग मलाही होता. पण या प्रकाराचं निदान व्हायचं तर काही काळ जावाच लागतो, हे मला पुढे समजलं. किमान वर्षभर त्रास सतत वाढत गेलेला दिसला पाहिजे, ही निदानाच्या निकषांतलीच अट आहे. त्याच्या जोडीला मेंदूतले डाग, मज्जारज्जूतले डाग आणि पाठीतल्या पाण्यात सापडणारी विशिष्ट प्रथिनं, या तिन्हींपैकी दोन पुरावे लागतात. बी-१२ची कमतरता, मणक्याचा दाब, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एमएससारखाच दिसणारा पण वेगळा आजार, हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं. त्या दोघा डॉक्टरांवर मी आता रागावलेला नाही.

आत काय बिघडतं ते समजावून घेताना मला आमच्याकडचा कालवा आठवला. धरणात पाणी असतं, कालव्याला पाणी सोडलेलंही असतं, पण अस्तर जागोजागी फुटलं असेल तर ते वाटेतच पाझरतं. वरच्या शेतांचं भागतं, टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही. मेंदूतून निघणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं अस्तर असतं. त्याच्यामुळे निरोप तंतूवरून सरपटत न जाता मधल्या मोकळ्या सांध्यांवरून उड्या मारत जातो. चांगल्या जाड अस्तराच्या तंतूत हा वेग सेकंदाला शंभर मीटरपर्यंत जातो, अस्तर नसलेल्या बारीक तंतूत जेमतेम एखादा मीटर. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच या अस्तरावर उलटते. पायांसाठीचे तंतू मेंदूपासून मज्जारज्जूच्या पार खालपर्यंत जातात, त्यांचा पल्ला सगळ्यांत लांब. म्हणून या प्रकारात पहिली तक्रार बहुतेक वेळा पायांचीच येते. दादाचा पाय हा टेलचा शेतकरी होता.

एमएसच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशींचा आजार झटक्यांनी सुरू होतो. एका डोळ्याला अंधारी येते, हात बधिर होतो, काही आठवड्यांनी बरंचसं भरून येतं, मग मधली शांतता आणि पुन्हा झटका. यांतल्या बऱ्याच जणांत काही वर्षांनी झटके थांबतात आणि संथ उतार सुरू होतो. त्याला सेकंडरी प्रोग्रेसिव्ह म्हणतात. उरलेल्या दहा-पंधरा जणांच्या वाट्याला झटका नसतोच, पहिल्या दिवसापासून उतार असतो. झटक्यांचा एमएस बायकांना पुरुषांच्या दुपटीतिपटीने होतो; हा पहिल्यापासून उताराचा प्रकार बाई-पुरुष दोघांनाही जवळपास सारखाच, आणि बहुधा चाळिशीच्या आसपास.

झटका भयंकर असतो, पण त्याला तारीख असते. माणसं धावून येतात, दवाखाना होतो, घरी आल्यावर कोणी नारळ फोडतं. उताराला तारीख नसते. दादाने जिन्याचा कठडा धरायला कधी सुरुवात केली हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. आम्ही दर वेळी सहा महिने उशिरा जागे झालो. काठी घ्यायला हवी होती तेव्हा "भिंत धरून चालतो की" म्हणालो आणि तो पडल्यावर काठी आणली. घाबरल्यावर उलटं झालं. त्याला जमत होतं तेही आम्ही करून टाकायला लागलो. या आजारात घरच्यांना एकच माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं: आज हात किती द्यायचा? मार्चमधलं उत्तर सप्टेंबरमध्ये चालत नाही. सकाळचं उत्तर दुपारीही चालेलच असं नाही.

या आजाराची आतून लिहिलेली सगळ्यांत जुनी नोंद म्हणून जी ओळखली जाते, ती एका राजाच्या नातवाची आहे. ऑगस्टस देस्ते हा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा नातू. डिसेंबर १८२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये एका आप्ताच्या अंत्यविधीनंतर त्याची नजर अंधुक झाली, पुढे ती सुधारली, आणि तिथून त्याची रोजनिशी सुरू होते. नजर, पाय, लघवी, बधिरपणा, सगळं त्याने लिहून ठेवलं. ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी त्याला दिवसातून दोनदा गोमांस आणि उंची मद्य दिलं. तो १८४८ मध्ये गेला. आपल्याला नेमकं काय झालंय हे कळण्याची सोयच तेव्हा नव्हती, कारण पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्यां-मार्तें शार्को यांनी या आजाराचं स्पष्ट वर्णन केलं ते १८६८ मध्ये. ती रोजनिशी १९४८ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटते. आजाराला नाव नसताना तो जवळजवळ पंचवीस वर्षं नेमाने नोंदी करत राहिला.

आमच्या घरातली पहिली नोंद दिवाळीची आहे. नरकचतुर्दशी, पहाटे पाच, आईने बंब पेटवलेला. दादा पाटावर बसला, वहिनीने तेल चोळलं, उटणं लावलं आणि कढत पाण्याचे पाच-सहा तांबे अंगावर घेतल्यावर त्याला पाटावरून उठताच येईना. पाय जणू दुसऱ्या कोणाचे. बाहेर फटाके वाजत होते आणि आत आम्ही तिघं त्याला बगलेत धरून ओढत होतो. आईला वाटलं अर्धांग झाला. अर्ध्या तासाने, पंख्याखाली पडल्यावर, पाय हळूहळू परत आले आणि तो चालत फराळाला बसला.

याला उट्‌हॉफचा परिणाम म्हणतात. विल्हेल्म उट्‌हॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये तो नोंदला. त्याच्या रुग्णांना श्रमानंतर तेवढ्यापुरतं अंधुक दिसायचं. अस्तर झिजलेल्या तंतूतून निरोप कसाबसा जात असतो. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडू शकतो. अंग निवलं की वाट पुन्हा मोकळी होते. एमआरआय नव्हता त्या काळात संशयित रुग्णाला कढत पाण्यात बसवून हेच बघत असत. उन्हाने किंवा गरम पाण्याने आलेली ही दुबळीक तात्पुरती असते, तिने आजार वाढत नाही. हे आम्हाला त्या पहाटे माहीत असतं तर आई दिवसभर रडली नसती.

आता आमच्याकडे अभ्यंगस्नान कोमट पाण्याने होतं आणि पाटाची जागा प्लॅस्टिकच्या खुर्चीने घेतली आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो. बँकेचं काम, न्हावी, दवाखाना, सगळं सकाळी नऊच्या आत उरकायचं. मानेवर ओला पंचा, दुपारभर कूलर, आणि लाइट गेली तर खोलीत शिंपडायला भरून ठेवलेली बादली. ताप आला तर तो लगेच उतरवायचा, कारण शंभर ताप म्हणजे दादासाठी चालणं बंद.

तापावरून लघवीकडे यावं लागतं, आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण घरोघरी या विषयावर सगळ्यांत कमी बोललं जातं. पायांचे निरोप ज्या वाटेने जातात त्याच वाटेने मूत्राशयाचेही जातात. एकदम लागते, थांबवता येत नाही. किंवा लागते पण पूर्ण होत नाही, आत साठून राहते. दादाने यावर आपल्या परीने उपाय काढला होता. शाळेच्या दिवशी तो पाणीच प्यायचा नाही. त्यातून मलावरोध झाला, मग लघवीत जंतू झाले आणि त्या जंतुसंसर्गाने पाय लाकडासारखे ताठ झाले. आम्हाला वाटलं आजाराने मोठी उडी घेतली. न्यूरोलॉजिस्टने पायांकडे बघायच्या आधी लघवी तपासायला पाठवली आणि जंतूंवरच्या औषधांनी आठवड्यात पाय पूर्वीइतके झाले. तेव्हापासून घरात नियम आहे: एकाएकी बिघडलं तर आधी लघवी, ताप आणि पाठीवर-कुल्ल्यावर जखम आहे का ते बघायचं.

लघवी साठून राहणाऱ्यांसाठी एक उपाय आहे. दिवसातून चार-सहा वेळा रुग्णाने स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. अमेरिकेतले डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही, साबणाने स्वच्छ धुतलेले हात पुरतात. ऐकून अंगावर काटा येतो. दादाने दोन महिने ऐकलंच नाही. मग एका नर्सबाईंनी दार लावून, आरशासमोर, अर्ध्या तासात त्याला शिकवलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तो न घाबरता लग्नाला गेला, पंगतीत बसला, मठ्ठा प्यायला.

ताठरपणाचंही असंच एक कोडं आहे. स्नायूंचा आखडलेपणा कमी करायला बॅक्लोफेनसारखी गोळी देतात. डोस वाढवला आणि दादाचे पाय मऊ पडले, पण तो उभाच राहू शकेना. तोपर्यंत तो त्या ताठरपणाच्याच आधाराने उभा राहत होता. डोस पुन्हा खाली आणावा लागला, तोही हळूहळू, कारण ही गोळी अचानक बंद करणं धोक्याचं असतं. ताठरपणा किती ठेवायचा आणि किती काढायचा, हेही मापच.

आम्ही त्याला बगलेत हात घालून उचलायचो ते चूक होतं. त्याने रुग्णाचा खांदा निखळू शकतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. वहिनीची गेली होती. फिजिओथेरपिस्टने दाखवलेली रीत साधी होती. पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसायचं, पावलं मागे घ्यायची, आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकायचं. वजन पुढे आलं की बूड आपोआप उचलतं. मदतनीस फक्त कमरेच्या पट्ट्याला धरतो. पहिल्यांदा दादा असा उठला तेव्हा वहिनीच्या हातात पट्टा होता, पण जोर सगळा दादाचा. "मी काही केलंच नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

औषधांबद्दल खरं तेच सांगितलं पाहिजे. झटक्यांच्या एमएससाठी आज बरीच औषधं आहेत. संथ प्रकारासाठी फार कमी, कारण इथे जळजळ बाहेरून आलेल्या पेशींपेक्षा मेंदूतच ठाण मांडलेल्या पेशींमुळे धुमसत राहते आणि अस्तराबरोबर तंतूही मरत जातात. प्रायमरी प्रोग्रेसिव्हसाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध ऑक्रेलिझुमॅब, अमेरिकेत मार्च २०१७ मध्ये. ७३२ रुग्णांच्या चाचणीत खोटं औषध मिळालेल्या गटात शंभरातल्या सुमारे एकोणचाळिसांचं अपंगत्व ठरावीक मापाने वाढलं, खरं औषध मिळालेल्यांत तेहतिसांचं. उताराचा वेग थोडा कमी होतो, गेलेलं परत येत नाही. सेकंडरी प्रोग्रेसिव्हमध्ये जळजळ अजून चालू असेल तर सिपोनिमॉड देतात, त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. खर्चामुळे भारतातले अनेक न्यूरोलॉजिस्ट स्वस्त पडणाऱ्या रिटक्सिमॅबचा आधार घेतात. उताराच्या वेगातला हा थोडासा फरक मी लहान मानत नाही. गणिताच्या मास्तराचा खडू धरणारा हात आणखी तीन वर्षं टिकला तर ती तीन वर्षं पूर्ण असतात.

मात्र या रिकाम्या जागेतच स्टेम सेलच्या जाहिराती शिरतात. आमच्याकडेही एका नातेवाइकाने पत्रक आणलं, आईने दागिने मोडायची तयारी केली. रुग्णाच्याच रक्तपेशींचं प्रत्यारोपण झटक्यांच्या तीव्र एमएसमध्ये काही जणांना उपयोगी पडलं आहे, मोठ्या रुग्णालयांत, मोठी जोखीम घेऊन. बराच पुढे गेलेल्या संथ प्रकारात पैसे घेऊन दिलेल्या इंजेक्शनांनी पाय परत आल्याचा पुरावा नाही. दागिने राहिले. त्याऐवजी बाथरूमला दांड्या बसल्या, उंबरठे काढले, दार रुंद केलं, कमोड बसवला. त्यामुळे दादा आजही एकट्याने बाथरूमला जाऊ शकतो.

अपंगत्व मोजायला जॉन कर्टझकी यांची ० ते १० अशी पट्टी वापरतात. तिचं आजचं रूप १९८३ चं. काठी घेऊन शंभर मीटर चालता आलं तर ६, दोन्हीकडे आधार घेऊन वीस मीटर तर साडेसहा. शंभर मीटर म्हणजे आमच्या फाटकापासून दूध डेअरीपर्यंत. वीस मीटर म्हणजे फाटकापासून तुळशीपर्यंत. या दोन्हींच्या मध्ये दादाचं दीड वर्ष गेलं. पण ही पट्टी मुख्यतः पाय मोजते. थकवा तिच्यात दिसत नाही, आणि दादाला विचारलं तर पायांपेक्षा तोच जास्त छळतो. "दिवसभर बसूनच तर असतोस," हे मीच त्याला एकदा म्हणालो होतो. फुटक्या अस्तरातून प्रत्येक निरोप पुढे रेटायला मेंदूला जास्त खपावं लागतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. विचारांचा वेगही मंदावतो. दोघं एकदम बोलले की दादा गप्प होतो. त्याला प्रश्न कळलेला असतो, उत्तर तयार होत असतं. आपण पाच-सात सेकंद थांबायचं असतं. उदासीही या आजारात फार, जवळजवळ निम्म्या रुग्णांना कधी ना कधी गाठते. ती मनाची कमजोरी समजू नये. तिच्यावर औषध आहे आणि ते लागू पडतं.

नोकरीचं सांगायलाच हवं. काठी आल्यावर कोणीतरी दादाला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून आणून दिला, आणि त्याने सही करायला पेनही काढलं होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या एकवीस दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात ते नव्हतं. नव्या कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये, खालच्या पदावरही आणू नये. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतलं दुसरं काम द्यावं, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावं. दादा तळमजल्यावरच्या वर्गात, खुर्चीत बसून, आणखी सहा वर्षं शिकवत राहिला. फळ्यावर मुलं लिहायची. चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढायला लाज वाटून घेऊ नका, एवढंच मी प्रत्येक घराला हात जोडून सांगतो.

आजार भारतात विरळ मानला जातो, म्हणून एकटेपणा जास्त. मुंबईच्या पारशी समाजात तो तुलनेने बराच आढळतो. एका जुन्या पाहणीत दर लाखात सुमारे सव्वीस. मुंबईत १९८५ मध्ये सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा पुण्यासह अनेक शहरांत आहेत. तिथे भेटलेल्या एका बाईंशी वहिनी तासभर फक्त डायपरच्या मापांवर बोलली आणि परतताना म्हणाली, "भाऊजी, आज किती बरं वाटलं." पुतणीने एका रात्री भांडी विसळता विसळता मला विचारलं, "काका, मला पण होईल का?" आई किंवा वडलांना एमएस असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच, म्हणजे सत्त्याण्णव वेळा नाही. तिने हिशेब ऐकला, नळ बंद केला आणि विचारलं, "बाबांना सांगितलंय का हे? त्यांना वाटत असेल."

गेल्या वैशाखात वहिनी सहा वर्षांत पहिल्यांदा चार दिवस माहेरी गेली. भाचीचं लग्न होतं. मी पुण्याहून आलो. जाताना तिने शंभर पानी वही माझ्या हातात दिली. पॅंटला नाडी नको, इलॅस्टिकच. शर्टाची बटणं ते स्वतः लावतील, दहा मिनिटं लागतात, तोवर तुम्ही चहा करा. पाण्याचा पेला अर्धाच भरा, हात थरथरतो. घास गिळेपर्यंत प्रश्न विचारू नका. रोज रात्री टाचा आणि माकडहाड बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबा, दाबूनही पांढरं होत नसेल तर त्या कुशीवर झोपवू नका. पडले तर लगेच उचलू नका, आधी विचारा, लागलं का. शेवटच्या पानावर होतं: रात्री तीनच्या सुमारास कूस बदलायला हाक मारतील. दुसरी हाक येईपर्यंत उठू नका. कधी कधी स्वतःच वळतात.

पहिल्या रात्री मी पहिल्याच हाकेला उठलो. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री हाक आली आणि मी अंधारात पडून राहिलो. पलंगाची दांडी धरल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग चादर ओढल्याचा, आणि थोड्या वेळाने दादा घोरायला लागला.